तळ्यावरची नारिंगी मुलं

घरात धांदरट आणि दुकानात पंडित, असं आत्याचं दुहेरी आयुष्य होतं. घरात तिच्या हातून दूध उतू जायचं, किल्ली आतच राहून दार ओढलं जायचं, आणि धुवायच्या कपड्यांत कुठला तरी लाल मोजा शिरून भावाचे सगळे शर्ट गुलाबी व्हायचे. भाऊ हसण्यावारी न्यायचा. वहिनी हसायची नाही. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती; एका बाटलीचं लेबल दुसरीला लागलं तर तिथे कुणाचा तरी जीव जायचा, त्यामुळे चुकांची तिला गंमत वाटत नसे. ती आत्याला कधी टाकून बोलली नाही. फक्त गोटीला कुठे न्यायची वेळ आली आणि आत्या पुढे झाली, की ती शांतपणे म्हणायची, "राहू दे, मीच नेईन." त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं आत्याला वाटायचं.

गोटी म्हणजे भावाची मुलगी, पाच वर्षांची. जन्मली तेव्हा गरगरीत गोल होती म्हणून कुणीतरी गोटी म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे ती काडीसारखी झाली तरी नाव काही सुटलं नाही. आत्याने लग्न केलं नव्हतं, आणि तिची सगळी माया ह्या एका काडीवर जमा झाली होती. आपण गोटीला एकटीने बाहेर न्यावं आणि वहिनीने मागून एकही सूचना करू नये, एवढीच तिची इच्छा होती. ऐकायला फार मोठी नाही. पण ज्या घरात आपण माणूस म्हणून आवडतो आणि भरवशाचे म्हणून कुणी धरत नाही, त्या घरात राहून बघावं म्हणजे कळेल.

दुकानात मात्र तिचा शब्द खाली पडत नसे. दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं. उन्हाळा लागला आणि गावाबाहेरचं तळं पोहायला खुलं झालं, की पोहायच्या कपड्यांचा काउंटर तिच्याकडे यायचा आणि तिच्या अंगात वारं संचारायचं. बिनबाह्यांचा सूट आणलात तर संध्याकाळी पोराचे खांदे भाजलेले दिसतील. चेन असेल तर हनुवटीखाली तिच्यावर कापडाची पट्टी हवी, नाहीतर कातडी चिमटते. पुढच्या वर्षीही होईल म्हणून मोठ्या मापाचा घेऊ नका, आत पाणी भरलं की गळ्यात पोतं बांधल्यासारखं होतं. हे सगळं ती घडाघडा सांगायची. पण तिचा खरा हातखंडा होता रंगाचा.

काउंटरवर तिने पाण्याने भरलेला टब ठेवला होता आणि त्यात तळ्यावरचा मूठभर गाळ आणून कालवला होता. स्वच्छ दुकानात हा चिखल बघून मालकाने आधी कपाळाला हात लावला होता. आई-बाप फिकट निळा, गोजिरवाणा सूट हातात घेऊन यायचे. आत्या काही न बोलता तो टबात दाबायची. सूट दिसेनासा व्हायचा. मग ती भडक नारिंगी सूट बुडवायची, आणि तो गाळातूनही डोळ्यांत भरायचा. "आता तुम्हीच सांगा," ती म्हणायची, "पोर पाण्याखाली गेलं तर कुठल्या रंगात दिसेल?" समोरच्या बाईचा चेहरा पांढरा पडायचा. नारिंगी सूट पिशवीत जायचा, आणि आत्या वर सांगायची, "हा घाला आणि निर्धास्त बसा."

रंगाचं ते खरं होतं. हे निर्धास्त बसायचं तिने आपल्या पदरचं जोडलं होतं, आणि सगळ्यात जास्त खप त्याचाच होता. मालकाने नारिंगी सूट पुन्हा मागवले, ते संपले, आणखी मागवले. टबातला चिखल आता त्याच्या डोळ्यांना खुपेनासा झाला.

मग एका रविवारी योग जुळून आला. भाऊ कामानिमित्त परगावी, वहिनीला अचानक दवाखान्यातून बोलावणं, आणि गोटीला तळ्यावर न्यायचं कबूल केलेलं. गोटीने भोकाड पसरलं. वहिनी दारात चपला घालून उभी राहिली, एकदा मुलीकडे, एकदा नणंदेकडे बघितलं, आणि मोठ्या मुश्किलीने म्हणाली, "तुम्ही न्याल?"

"न्याल म्हणजे काय!" आत्याने मनातल्या मनात उडी मारली. "वहिनी, तुम्ही अगदी बिनघोर जा."

"नजर हलवू नका तिच्यावरून. दोरीच्या अलीकडेच खेळू दे."

"अहो, माझा धंदाच आहे तो."

गोटीला बदकांची झालर असलेला निळा सूट हवा होता, तो आत्याने दुकानातच नाकारला होता. तिने तिला नारिंगी घातला, चेन लावली, पट्टी नीट बसवली, केसांचे दोन शेंडे बांधले. आरशात बघून गोटी म्हणाली, "मी गाजर दिसते." आत्याने तिचा पापा घेतला.

तळ्यावर पोचल्यावर आत्याने समोर पाहिलं आणि तिची छाती फुगली. काठचं उथळ पाणी लहान मुलांसाठी दोरी लावून वेगळं केलं होतं, आणि त्यात जिकडे तिकडे नारिंगीच नारिंगी. तिनेच विकलेले सूट होते सगळे. लांब बाह्या, पट्टीची चेन, सगळं तस्संच. चटया टाकून बसलेल्या आया तिला ओळखून हाका मारत होत्या. "ताई, बघा, घातलाय हं!" "ताई, खांदे अजिबात भाजले नाहीत!" दुकानातली बाई रस्त्यात भेटली तर लोक ओळख दाखवत नाहीत, इथे तर तिचा सत्कार चालला होता. आत्याने मान हलवून हलवून तो घेतला.

गोटी बादली घेऊन पाण्यात उतरली. आत्या काठावर बसली आणि खरोखरच नजर लावून बसली. पण मग एक तरुण आई शेजारी येऊन टेकली. तिच्या मुलाच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. आत्याने मुलाची मान पाहिली, कॉलर उलटून शिवण पाहिली, आणि ओला सूट दिवसभर अंगावर ठेवला की असं होतं, हे व्यवस्थित समजावून सांगितलं. बोलता बोलता वर बघितलं. नारिंगी सूट, दोन शेंडे, बादली. सगळं जागच्या जागी. आत्याने हात हलवला. मुलीनेही लाजत हात हलवला. आत्या पुन्हा शिवणीकडे वळली. अशी ती मधूनमधून बघत राहिली. हात हलवत राहिली. एकदा तर तिने उडता पापाही दिला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. तळ्यावर उंच खुर्चीत एक राखणदार बसायचा, त्याला सगळे शिट्टीवाला म्हणत. तो खुर्चीवरून उतरून लाकडी धक्क्याकडे धावत होता. दोरीच्या पलीकडे, धक्क्याच्या खांबांपाशी पाणी खोल होतं, आणि तिथून आपल्या नातवंडांना घेऊन आलेले एक आजोबा एक पोर उचलून आणत होते. छातीपर्यंत भिजलेले आजोबा, आणि त्यांच्या खांद्यावर टाकलेलं नारिंगी गाठोडं. गाठोडं खोकत होतं, म्हणजे जिवंत होतं. काठावरच्या सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या आणि आपापलं मूल शोधू लागल्या.

आत्याने पाहिलं. दोन शेंडे, बादली, पाण्यात. तिचा जीव भांड्यात पडला, आणि सुटकेच्या त्या भरात ती शेजारच्या आईला म्हणाली, चांगली ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुठे लक्ष असतं हो ह्या बायकांचं? पोर सोडायचं आणि गप्पा हाणत बसायचं!"

"हो ना," ती तरुण आई म्हणाली.

मग पलीकडच्या चटईवरून कुणीतरी हाक मारली, आणि दोन शेंड्यांची, बादलीवाली मुलगी "आले, आई" म्हणत धावत गेली. भलत्याच बाईच्या कुशीत शिरली. तिने वळून आत्याकडे पाहिलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले दिसले. गोटीचा एकही दात पडला नव्हता.

आत्या धावली, पण पाय वाळूत रुतत होते आणि वाट सरता सरेना. घोळक्यातल्या बायकांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली. "ताईंची आहे का?" "अगंबाई, दुकानातल्या ताईंची!" मघाशी हाका मारणाऱ्याच ह्या बायका होत्या. कुणी काही वाईट बोललं नाही. ती तरुण आईही आली होती, आणि तिने तर नजर दुसरीकडे वळवली. ते वळवणं आत्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण ते सगळं मागाहून. त्या क्षणी तिने फक्त गोटीला ओढून घेतलं. गोटी थरथरत होती आणि रडत नव्हती. रडली असती तर सोपं गेलं असतं.

"खांबाला धरून होती," आजोबा धापा टाकत म्हणाले. "आत्या आत्या करत होती. मला वाटलं खेळतेय. मग आवाज बंद झाला, म्हणून वळून बघितलं."

शिट्टीवाल्याने गोटीच्या पाठीला कान लावला, नखांचा रंग पाहिला, दोन प्रश्न विचारून तिला बोलतं केलं. मग आत्याला बाजूला घेतलं. रागावला असता तर तो त्याचा हक्कच होता. तो उलट खजील होऊन म्हणाला, "माझंही चुकलं, ताई. एरवी एकेक पोर मला वरून ओळखता येतं. ह्या उन्हाळ्यात सगळीच सारखी दिसतात. माझ्या मुलालाही तुमच्याकडचाच घेतलाय." "नाकातोंडात पाणी गेलंय तिच्या," तो पुढे म्हणाला. "आत्ता बरी दिसते, पण आज लक्ष ठेवायचं. खोकला वाढला, धाप लागली, पेंगायला लागली, तर थेट डॉक्टरकडे. तिच्या आईला नीट सांगा."

"सांगते," आत्या म्हणाली.

परतताना गोटी तिच्या कडेवर होती. आत्याच्या गळ्याशी तोंड ठेवून ती म्हणाली, "तू त्या मुलीला पापा दिलास."

"मला वाटलं, तूच आहेस ती."

"मी तर इकडे होते."

आत्याने तिला घट्ट आवळलं. गल्लीचं वळण आलं, घराची खिडकी दिसली, आणि वहिनीचं ते "राहू दे" तिच्या कानात वाजलं. आता ते जन्मभर वाजणार होतं. गोटी तर ठणठणीत होती, बोलत होती. मग आत्याने जे केलं ते लिहितानाही संकोच वाटतो. तिने गोटीला खाली उतरवलं, तिच्यापुढे उकिडवी बसली, आणि दुकानात गिऱ्हाइकापुढे काढायची त्या गोड आवाजात म्हणाली, "हे आपलं दोघींचं गुपित हं. आईला नाही सांगायचं. उगाच घाबरेल ती."

गोटीने शहाण्यासारखी मान हलवली.

वहिनी लवकर घरी आली होती. तिने गोटीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, केस पुसले, आणि सगळं धड आहे असं पाहिल्यावर तिचा चेहरा जो सैल झाला, तो आत्याने इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. "मी दिवसभर उगाच जिवाला घोर लावून घेतला," वहिनी म्हणाली. "खरं सांगू का, मी तुम्हाला कमीच लेखत आले. चुकलंच माझं. पुढच्या रविवारीही न्या."

हेच ऐकायला आत्या आसुसली होती. आणि आता ते शब्द अंगावर उकळतं पाणी पडावं तसे पडत होते. तिने ओल्या टॉवेलाची उगाचच पुन्हा घडी घातली.

गोटी खोकली. मग परत खोकली.

"खोकला कशाने झाला गं?" वहिनीने विचारलं.

गोटीने आधी आत्याकडे पाहिलं, मग आईकडे. "पाणी गार होतं," ती म्हणाली. पाच वर्षांचं पोर, पण थाप मारताना पापणीही लवली नाही.

"तरीच. थांब, औषध देते. एक चमचा घे आणि झोप बघू जरा." वहिनीने कपाटातून खोकल्याची बाटली काढली, चमचा पुसला. गोटीने जांभई दिली आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं. तिच्या डोळ्यांवर झापड येत होती. तळ्याचा शीण असेल. नुसता शीणच असेल. आत्या तिच्या छातीचं वरखाली होणं बघत होती, आणि आज पहिल्यांदाच तिची नजर त्या पोरीवरून खरोखर हलत नव्हती. बरगड्यांखाली जरा जास्तच खळगा पडतो आहे का? की भास होतोय? वहिनी ओळखेल. वहिनीला एका दृष्टीत कळेल. फक्त काय बघायचं ते तिला कुणी सांगायला हवं.

चमचा भरला.

"वहिनी," आत्या म्हणाली, "पाणी गार नव्हतं."

वहिनीचा हात थांबला. तिला अजून काहीच कळलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं. पण मांडीवरची गोटी ताडकन उठून बसली, तिचा चेहरा लालबुंद झाला, आणि खोकत खोकतच ती आत्यावर ओरडली, "आत्या! तूच म्हणालीस ना, आईला सांगायचं नाही!"