भट्टीचं गाऱ्हाणं

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धोंडू परब यांची मरोळची लाकडाची भट्टी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पेटली नाही. लाकूड-कोळसा जाळणारे कारखाने बंद करण्याची कोर्टाने दिलेली मुदत आदल्या रात्री संपली होती. शुक्रवारी बोरिवलीच्या मालवणी जत्रेला साठ किलो खाजा पोचवायचा होता.

गॅसची नवी भट्टी शेजारी तयार होती. पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय धोंडू नवी भट्टी पेटवणार नव्हते, आणि नारळ हातात घेऊन ते अडले होते.

"गाऱ्हाणा कोणाच्या नावान घालू? हुकूम कोणाचो?"

"कोर्टाचा," सून श्वेता म्हणाली. ती दिंडोशीच्या कोर्टात वकिली करते.

"कोर्टाला कोणी निवडून दिलंय?" मुलगा सुबोध म्हणाला. तो एका आमदाराच्या कार्यालयात काम करतो. "आमचं विधेयक येतंय. छोट्या कारखान्यांना दोन वर्षं मिळणार."

"तीन अधिवेशनं येतंयच ना रे ते! धूर थांबतो का तुमच्या तारखेसाठी?"

"आणि कोर्टाला काय माहीत, खाजा कसा तळतात?"

"तुझ्या साहेबांना माहीत आहे? खातात फक्त. तेही फुकट!"

धोंडूंच्या पत्नी जानकीबाई आलं ठेचत होत्या. "दोघांकय घाला," त्या म्हणाल्या. "पण बेगीन. पीठ सुकता हा."

धोंडूंनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! कोर्टात बसलेल्यांका नि विधानसभेत बसलेल्यांका एकाच वाटेन चलव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुबोध आणि श्वेता, नवरा-बायको दोघं, एका सुरात ओरडले. मग दोघांनाही हसू आलं.

नारळ फुटला, गॅस पेटला. गुळाच्या पाकातून पहिला घाणा निघाला. धोंडूंनी एक कांडी चावली.

"बरो आसा. पण धुराचो वास खंय?"

"माझ्या छातीत," जानकीबाई म्हणाल्या. "आज सकाळपासून खोकलंय काय मी?"

धोंडूंनी दुसरी कांडी उचलली.

साडेबाराला श्वेताचा फोन आला. कोर्टाने मुदत सहा आठवडे वाढवली होती. सुबोधने कळवलं, विधेयक आजच्या कामकाजात नवव्या क्रमांकावर आहे.

"म्हणजे आज लाकूड पेटवलेला चलात?" धोंडूंनी विचारलं. जानकीबाईंनी लाकडांच्या ढिगावर ताडपत्री ओढली आणि वर खाज्याची परात ठेवली.

संध्याकाळी पाचपर्यंत बावीस किलो खाजा झाला होता. विधानसभेत सातवा क्रमांक चालू होता. लाकूड धोंडूंनी अजून विकलेलं नाही.