पंख्याखालचं रान

वनसमितीच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि पंख्याखाली पाच पुरुष रानाची काळजी वाहत होते. ज्यांचा रोजचा पाय रानात, त्या बायका बाहेर पायरीवर उन्हात उभ्या. भिंतीवर फलक मात्र केवढा! ‘लोकसहभागातून वनरक्षण’. असला फलक लावायला लाज लागत नाही, चार खिळे पुरतात.

अध्यक्ष ऐटीत म्हणाले, “कुंपण झालं, फाटकाला कुलूप लागलं. आता काडीसुद्धा चोरीला जाणार नाही.”

“काडी राहू द्या, भाऊजी,” पायरीवरून त्यांची वहिनी म्हणाली. “पाला तरी नेऊ द्या. दरवर्षी गोठ्यात अंथरायला आम्ही झाडून नेतो. यंदा गुडघाभर साचलाय. ठिणगी पडली म्हणजे?”

“अहो, पाला कुजला की खत होतं. तज्ज्ञ सांगून गेलेत.”

“पावसाळ्यात आले असतील!”

बायका फिस्सकन हसल्या. अध्यक्षांचे कान लाल झाले. घरच्या बाईनं चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे काय! त्यांनी दार लावून घेतलं. मग समितीनं एकमतानं चहा प्यायला.

पुढे उन्हं तापली आणि एका दुपारी रान पेटलं. कशानं पेटलं ते कुणी पाहिलं नाही. कशावर पेटलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“गावकऱ्यांनो, धावा! आपलं रान जळतंय!” अध्यक्ष कर्ण्यावरून ओरडले.

ओट्यावरचा सुतार जागचा हलला नाही. “आपलं? कालपर्यंत तर समितीचं होतं. पेटल्यावर आपलं झालं होय!”

आणि समितीचे वाघ? एकाच्या पोटात दुखायला लागलं, एकाकडे पाहुणे आले, उरलेले दोघे सावलीत उभे राहून वरच्या साहेबांना फोन लावत होते.

अध्यक्ष धापा टाकत वहिनीच्या दारात आले. “वहिनी, चला हो! आग झऱ्याकडे सरकतेय. झाडं गेली की झरा आटेल, गाव प्यायचं काय?”

“मग आम्ही चोर नाही ना?”

“चुकलो, वहिनी.”

“मला काय सांगता? कर्ण्यावर सांगा.”

सांगितलं! आवाज चिरकला, पण अख्ख्या गावाला ऐकू गेलं. वहिनी पदर खोचून निघाली, मागोमाग बायका, मग सुतारासकट पुरुषही.

अध्यक्षांनी फाटक उघडलं आणि ओली फांदी घेऊन ते थेट जाळावर धावले.

“मागे फिरा!” वहिनी गरजली. “आगीच्या पुढे जाऊन पाला ओढा, जमीन उघडी करा. खायला मिळालं नाही की मरते ती.”

झऱ्याच्या वरच्या उतारावर उघड्या मातीशी येऊन आग थांबली. झरा वाचला. अर्धं रान मात्र कोळसा झालं.

दुसऱ्या दिवशी त्या काळ्या उतारावरच सगळं गाव बसलं. अध्यक्ष उठले. “मी असं ठरवलंय की...” तिथंच ते अडखळले, खाली बसले. “तुम्ही ठरवा. मी ऐकतो.”

कुठला भाग वाढू द्यायचा, कुठला पाला कधी काढायचा, राखणीची पाळी कुणाची, हे बायकांनी भांडत भांडत ठरवलं. फाटकाचं कुलूप त्याच दिवशी कायमचं निघालं.

नागरिकहो, रान कुलपानं राहत नाही. ज्यांची चूल आणि गोठा रानावर चालतो, त्यांच्या हाती कारभार दिला तरच ते राहतं. आणि एवढं कळायला ज्यांना अर्धं रान जाळावं लागतं, त्यांना शहाणं म्हणणं आता तरी बंद करा!