चाकांवरचं आदरातिथ्य

रस्त्यात कुणी हात दाखवला की आमच्या ह्यांचा पाय ब्रेकवर गेलाच. लिफ्ट देणं म्हणजे चाकांवरचं आदरातिथ्य, असं हे, म्हणजे गेदालिया, ऐटीत सांगतात.

त्या शुक्रवारी ते मॉन्सीच्या घरून आमच्याकडे, डोंगरातल्या उन्हाळी बंगल्यावर यायला निघाले. वाटेत एक म्हातारबुवा भेटले. त्यांना थेट दारात सोडायचं म्हणून हे आमच्या फाटकावरून पुढे पार लिबर्टी गावाला गेले. तिथे सूर्य बुडायला आला. सूर्य बुडाला की आम्हा ज्यूंचा शब्बाथ लागतो; मग शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

"अगं, मी इथेच राहतो," फोनवर ह्यांचा आवाज बारीक झाला होता.

"राहा की. म्हातारबुवांना त्रास देऊ नका म्हणजे झालं."

फोन ठेवते तोच दारात एक अनोळखी गृहस्थ. त्यांना लिफ्ट देणाऱ्यालाही त्यांच्या गावापर्यंत जायला वेळ उरला नव्हता, म्हणून त्याने त्यांना आमच्या फाटकाशी उतरवलं होतं. सासऱ्यांनी त्यांना ह्यांच्याच खुर्चीत बसवलं. ह्यांच्या वाटणीचा कुगेल, म्हणजे शब्बाथचा भाजलेला शेवयांचा पदार्थ, तोही पाहुण्यांनीच संपवला.

शनिवारी तारे दिसल्यावर हे दमून घरी आले.

"मला कुणी घरी सोडेल का?" पाहुण्यांनी विचारलं.

"मी सोडतो ना. कुठे जायचंय?"

"लिबर्टीला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जा," मी म्हटलं. "चाकं अजून गरम आहेत."