माणखोलची वाट

माणखोलला मी कधी गेले नव्हते, पण बत्तीस वर्षं रोज दुपारी तिथून हिंडून येत होते. जेवण आणि झाकपाक झाली की बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी आडवी व्हायचे, डोळे मिटायचे आणि होडीतून उतरायचे. धक्क्यावरून डावीकडे वळायचं. मिठागरांच्या बांधाने चर्चपर्यंत जायचं. पुढे लाकडी साकव ओलांडला की उंडीच्या झाडाखाली तिसरं घर आमच्या ह्यांचं. दारात पोचेपर्यंत मला झोप लागलेली असायची, त्यामुळे आत कोण आहे ते बघायचं राहूनच गेलं.

वाट ह्यांनीच सांगितलेली. अनंतराव चाळीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. एरवी ह्या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा तर अर्ज करावा लागायचा, पण गावाचा विषय निघाला की गडी खुलायचा. खाडीच्या अलीकडे आपलं राज्य, पलीकडे पोर्तुगीजांचं. आडनावं दोन्हीकडे तीच, देवही तेच, नाणी तेवढी वेगळी. लग्नाचं वऱ्हाड भर पाण्यात थांबून कागद दाखवायचं आणि मग पुन्हा वाजंत्री सुरू व्हायची. भरतीला कांदे-बटाटे तिकडे जायचे, ओहोटीला मनगटी घड्याळं इकडे यायची आणि विचाराल तर गावात सगळे सभ्य शेतकरी. पोरांना मुळाक्षरांच्या आधी एकच धडा असायचा, परक्याने वाट विचारली तर उलटी सांगायची. एकसष्ट साली सरहद्द गेली, पण खोड काही गेली नाही. पाहुणे बिचारे पुढेही कित्येक वर्षं मिठागरात जाऊन उभे राहायचे. हे ऐकताना मी दर वेळी पोट धरून हसायचे.

"एकदा जाऊ या की," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तिथे आता कोणी नाही."

आमची मुलगी अपेक्षा विमाननगरला नकाशांच्या कंपनीत लागली. परदेशातल्या गाड्यांना रस्ता दाखवणारे नकाशे ही मुलं इथे बसून काढतात. तिला ऑस्ट्रियातल्या गल्ल्या पाठ, बिबवेवाडीत मात्र रिक्षावाल्याला वळण सांगता येत नाही. हे निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या डिसेंबरात, तिच्या कंपनीने एका शनिवारी घरच्यांना ऑफिस बघायला बोलावलं. गारठ्यात कुडकुडत मी तिच्या खुर्चीत बसले. हे मागे कागदी कपातली कॉफी घेऊन उभे होते.

"आई, पप्पांचं गाव बघायचंय? सॅटेलाइट इमेज आलीये, एकदम क्लिअर."

पडद्यावर खाडी उलगडली. हिरवी, संथ, कडेला रेतीची पिवळी किनार. मला भरून आलं. आपण रोज जातो ते गाव खरंच आहे, असं वाटलं. धक्का दिसला आणि मी उतरलेसुद्धा.

"डावीकडे घे. मिठागरं लागतील."

लागली.

"आता बांधाने सरळ. चर्च येईल."

"आई, पुढे पाणी आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय गं. चर्च नाही, साकव नाही, झाडसुद्धा नाही. नुसता समुद्र."

मी मागे वळून पाहिलं. ह्यांचं लक्ष आमच्या बोटांकडे नव्हतंच. ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका लालभडक छपराकडे टक लावून बघत होते. मिठागरातल्या त्या पाहुण्यांत मीही होते, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे आठ दिवस मी कामापुरतं बोलले. "वाढलंय." "गॅसवाला येऊन गेला." मला फार लागलं होतं. ह्या माणसाचे डबे भरले, दुखणी काढली, सासूसासऱ्यांना न बघता त्यांची श्राद्धं घातली आणि शेवटी मी परकी ती परकीच. दुपारची झोपही गेली. डोळे मिटून कुठेही उतरले तरी पाय पाण्यातच पडायचा.

नवव्या दिवशी मी विचारलं, "मी परकी आहे का, एवढंच सांगा. हो म्हणालात तरी चालेल, पण खरं सांगा."

ते कॉटच्या कडेवर बसले.

"अकरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "साध्या कपड्यातला एक माणूस आला, छत्री घेऊन. 'बाळा' म्हणाला. इतकं गोड बोलत होता की मला वाटलं, आपल्यातलाच कोणीतरी. मी त्याला घराची खरी वाट सांगितली. संध्याकाळी कस्टमची धाड पडली. बाबांनी घड्याळांच्या गाठोड्यासकट खाडीत उडी टाकली. प्रेत पलीकडे लागलं. तिकडून आणायला कागद लागत होते. चार दिवस लागले."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तेव्हापासून ती वाट तोंडातून निघत नाही गं. तुला फसवायचं नव्हतं. सांगायला लागलो की डावीकडेच निघायचं. मग पुढचं चर्च, साकव सगळं रचत गेलो. तू इतकं मन लावून ऐकायचीस."

"मग आता सांगा."

त्यांनी पाणी मागितलं. डिसेंबरातही कपाळावर घाम आला होता. "धक्क्यावरून," म्हणाले आणि थांबले. मी हात धरला. "उजवीकडे." पुढचं मात्र भराभर आलं. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, देवळाच्या मागून माडांची वाडी आणि वाडीच्या टोकाला घर. "त्या दिवशी पडद्यावर दिसलं, कौलं नवी घातलीत. म्हणजे शेवंती आहे अजून."

"कोण शेवंती?"

"धाकटी बहीण. वाट कोणी सांगितली, ते तिला माहीत होतं. मी गाव सोडलं तेव्हा म्हणाली, पुन्हा ह्या दारात येऊ नकोस."

लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर मला नणंद मिळाली. खरं तर भांडायला हवं होतं, पण मी उठून माळ्यावरची बॅग काढली. म्हटलं, शुक्रवारच्या गाडीची दोन तिकिटं काढते.

ते नको म्हणाले नाहीत. बॅगेवरची धूळ पुसत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "दारात तू पुढे हो. मी पायऱ्यांशी थांबतो. तिने ये म्हटलं, तर मला हाक मार."