चौथ्या टाकीचा पडदा

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पडदा पेटला. आधी वरच्या कडेला एक बारीक केशरी रेघ आली, मग ती खाली पसरत गेली आणि वहीच्या पानाएवढी काच मधाच्या रंगाने भरली. आवाज म्हणाल तर डासाच्या गुणगुणीइतका. ठिणगीने टेबलावरचा दिवा मालवला. तिची बोटं, सोल्डरचं रीळ, पाण्याचा अर्धा पेला, सगळं त्या उजेडात ओळखीचं आणि तरीही दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातलं वाटू लागलं.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. सातव्या वर्षी तिने सॉकेटमध्ये केसांची पिन घातली होती, तेव्हापासूनचं. आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. रुग्णालयाच्या कार्यशाळेत रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त करते आणि सुटीत जुने पडदे पेटवते. या पडद्यांच्या मागे दिवा नसतो. दोन काचांमध्ये केसाहून पातळ थर असतो आणि त्याला दोनशे व्होल्टचे झटके दिले की तो थरच उजळतो. त्यामुळे त्या उजेडाला सावली नाही, मागचं-पुढचं नाही. पाण्यावर तरंगल्यासारखा तो काचेतच असतो.

हा पडदा तिला कापड गिरणीच्या जुन्या वायरमनने दिला होता. गिरणी मोडीत निघाली तेव्हा त्याने तो टॉवेलात गुंडाळून आणला. मागे चिकटपट्टीवर लिहिलं होतं : रंगखाते, टाकी ४. ती टाकी तिच्या वडिलांची. एकोणीस वर्षं ते त्या टाकीवर उभे होते. म्हणून तिने ठरवलं, या पडद्याचं घड्याळ करायचं आणि ते तयार होईपर्यंत त्यांना कळू द्यायचं नाही.

तीन आठवडे पडद्याने दाद दिली नाही. मग चित्र आलं, पण तिरकं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा चार ठिपके उजवीकडे घसरायची, जसा ओल्या दोरीवरचा कपडा घसरतो. ठिपके चार-चारच्या गठ्ठ्याने पाठवायचे असतात आणि तिच्या बोर्डातून दर ओळीला एक गठ्ठा जास्त जात होता. तो एक गठ्ठा कमी केला आणि शुक्रवारी ओळी सरळ उभ्या राहिल्या.

सगळे ठिपके पेटलेले असताना मधोमध एक डाग दिसला. काळपट, चौकटीचा, आत काही आकडे असल्यासारखा. जुन्या पडद्यांवर असे डाग असतातच. एकच चित्र वर्षानुवर्षं दाखवलं की त्या चित्राचे ठिपके झिजतात आणि सगळा पडदा उजळला की झिजलेले तेवढे मागे राहतात. त्यावर तिचा ठरलेला इलाज होता. सगळा पडदा पूर्ण उजेडात दिवसभर पेटता ठेवायचा. झिजलेले ठिपके आणखी फारसे झिजत नाहीत, ताजे मात्र भराभर झिजून त्यांना गाठतात. याला ती धुलाई म्हणायची. आतापर्यंत नऊ पडदे तिने असे धुतले होते. डाग पाहिला की तिचा हात धुलाईकडेच जायचा. तिने हाही डाग पाहिला. वाचला नाही.

साडेसहाला धुलाई सुरू करून ती जेवायला गेली.

तिच्या वडिलांची गोष्ट अशी. चौदा वर्षांपूर्वी चौथ्या टाकीतून गडद निळ्या कापडाचे चाळीस तागे बाहेर आले, ते ढगाळ आभाळासारखे चट्ट्याचट्ट्यांचे. चौकशी झाली. रंगाच्या तिसऱ्या पायरीला टाकी किती अंशांवर चालवता, असं विचारल्यावर वडील म्हणाले, "बासष्ट. पडद्यावर कायम बासष्टच असतं." फोरमन म्हणाला, "पडद्यावर अडुसष्ट असतं. कायम." दोघे एकाच पडद्याबद्दल बोलत होते. अहवालात लिहिलं गेलं की ऑपरेटरने आपल्या मर्जीने टाकी सहा अंश थंड चालवली. वडिलांना रंगखात्यातून काढून घडीखात्यात टाकलं. फोरमन त्यांचा सोबती होता, दोघांचा डबा एकत्र उघडायचा. त्या दिवसापासून दोन गल्ल्यांवर राहूनही दोघे बोलले नाहीत.

तेरा वर्षं वडील "बासष्ट" ठासून सांगत. गेल्या वर्षापासून ते विचारायला लागले होते. आदल्या बुधवारीच चहा घेताना ते म्हणाले होते, "ठिणगे, बासष्टच होतं ना गं?"

"तुम्हीच तर सांगता."

"मी सांगतो. पण मी खरं सांगतो का?" मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. मीही नव्हे. मग दोघांपैकी एकाचे डोळे तरी खोटे असणार. माझे असतील तर मरण्याआधी कळलेलं बरं. चौदा वर्षं बिचाऱ्याला शिव्या घालतोय."

ते एकाहत्तर वर्षांचे आहेत.

शनिवारी दुपारी साडेबाराला ठिणगी स्वयंपाकघरात होती. चष्मा शोधत वडील तिच्या कामाच्या खोलीत शिरले आणि बाहेर आलेच नाहीत. ती बघायला गेली, तर ते पडद्यासमोर स्टुलावर बसले होते. चेहरा, शर्ट, पांढरे केस, सगळं केशरी झालं होतं. दोन्ही हात मांडीवर होते, पाळीवर बसायचे तसे.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला दाखवायचा नव्हता इतक्यात. घड्याळ करणार होते."

"हा उजेड मी ओळखतो. वाफेतून असाच दिसायचा." मग पुढे वाकले. "इथे मध्ये काय होतं? काहीतरी पुसल्यासारखं दिसतंय."

"जुना डाग आहे, बाबा. धुतेय. संध्याकाळपर्यंत जाईल."

वडिलांनी मान वळवली. आयुष्यभर कापडाशी व्यवहार केलेला माणूस. "डाग धुतेस? कशाचा आहे ते बघितलंस का आधी?"

"पडद्यावर जे कायम असायचं त्याचा. तुमचा तक्ता असेल, पायऱ्या, अंश..."

वाक्य तिथेच थांबलं. तिने हात पुढे केला आणि बटण बंद केलं. खोलीत दुपारचा साधा पांढरा उजेड उरला. अठरा तास धुलाई झाली होती.

"रंगखात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात," वडील शांतपणे म्हणाले. "डाग आधी ओळखायचा, मग पाणी लावायचं. तेलाचा, गंजाचा, रंगाचा. न ओळखता धुतला की कायमचा बसतो, नाहीतर कायमचा जातो."

"बाबा, मी..."

"रडू नकोस. थोडं तरी उरलंय का ते सांग."

ती विचार करत राहिली. मग तिने सांगितलं ते असं. उजेड वाढवून आता काही दिसणार नाही, ताज्या ठिपक्यांनी जुन्यांना जवळजवळ गाठलं आहे. पण झिजलेला ठिपका आळशी होतो, पेटायला त्याला जरा जास्त व्होल्ट लागतात. दोनशेला सगळेच पेटतात. व्होल्ट उतरवत आणले तर एक जागा अशी येईल की ताजे पेटलेले असतील आणि जुने विझलेले. धुलाईनंतर ती जागा एखाद-दुसऱ्या व्होल्टची उरली असेल. अंधार लागेल आणि धीर लागेल.

"मग आत्ता लावू नकोस," वडील म्हणाले. "त्याला बोलाव."

"कुणाला?"

"कुणाला काय! फोरमनला. तो नसताना मी बघितलं तर ते बघणं नव्हे."

"फोटो काढून दाखवू की त्यांना."

"फोटोत तू मला घोड्यावर बसवशील. त्याला आण."

फोरमन आपल्या दारात भाजी निवडत बसला होता. त्र्याहत्तरचा, हातात काठी, मिशा आता नव्हत्या. निरोप ऐकून त्याने आधी भाजी पूर्ण निवडली. मग विचारलं, "चौदा वर्षांनी आठवण? पाय मोडलाय का तुझ्या बापाचा?"

"पाय ठीक आहेत, काका. चौथ्या टाकीचा पडदा आलाय आमच्याकडे."

तो उठला. आत जाऊन चष्म्याचे दोन डबे घेऊन आला, एक जवळचा, एक लांबचा.

तीन वाजता ठिणगीने खिडकीला जाड रग टांगला. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. दोन स्टुलं शेजारी ठेवली. दोघे म्हातारे एकमेकांकडे न बघता बसले.

"वजन वाढलंय तुझं," फोरमन म्हणाला. "स्टूल कुरकुरतंय."

"ते तुला बघून कुरकुरतंय."

इतकंच बोलणं झालं. ठिणगीने बटण दाबलं. दोनशे व्होल्टला पडदा कोरा होता, मधाने भरलेल्या थाळीसारखा. तिने व्होल्टची खुंटी फिरवायला सुरुवात केली. एकशे नव्वद. एकशे ऐंशी. उजेड मावळत गेला. दोघांचे चेहरे आधी केशरी, मग तांबूस, मग नुसत्या कडा झाले. मीटरवरचे आकडे ती हळू आवाजात वाचत होती.

"झिजलेले ठिपके आधी झोपणार, काका. त्यांना उठवायला जास्त जोर लागतो."

"म्हणजे आमच्यासारखेच."

एकशे एकाहत्तरला पडदा इतका मंद झाला की तो पेटलेला आहे की डोळ्यांत मागचा उजेड उरला आहे ते कळेना. साडेसत्तरला काही नव्हतं. सत्तरला मध्यभागी चौकट उगवली. उगवली म्हणायचं, पण ती काळी होती. मंद केशरी धुक्यात काळ्या रेघा, चार ओळी, दोन रकाने. 

"तक्ता," वडील म्हणाले. "हाच. डावा रकाना 'हवे', उजवा 'आहे'." खात्यात सगळे तसंच म्हणायचे. डावीकडे टाकीला सांगितलेले अंश, उजवीकडे टाकीचे खरे अंश.

ठिणगीने भिंग घेतलं. "तिसरी पायरी. 'हवे'. पहिला आकडा सहा. दुसरा..." ती थांबली. "दोन आणि आठ या ठिपक्यांत सारखेच वाटतात. खालची ओळ मोजावी लागेल. दोनच्या पायाशी पाच ठिपके असतात, आठच्या पायाशी तीन."

"मोज," वडील म्हणाले.

तिने मोजले. परत मोजले. मग भिंग फोरमनच्या हातात दिलं. त्याने चष्मा बदलून मोजले आणि भिंग वडिलांपुढे धरलं. वडिलांनी बराच वेळ पाहिलं.

"तीन," ते म्हणाले. "अडुसष्ट."

 वडील सरळ बसले. "चला. कळलं. तू खरा होतास. माझं..."

"गप रे," फोरमन म्हणाला. तो अजून पडद्याकडेच वाकला होता. "हा उजवा रकाना काय दाखवतोय? पोरी, इकडे ये."

'आहे'चा रकाना धूसर होता. तिथले आकडे वर्षानुवर्षं हलत राहिलेले, कधी साठ, कधी एकसष्ट, सगळे एकमेकांवर पडून मळलेले. पण तिसऱ्या ओळीत, त्या मळाच्या आत, एक आकडा बाकीच्यांहून काळा होता. सहा नीट दिसत होता. त्याच्या शेजारच्या आकड्याच्या पायाशी ठिणगीने ठिपके मोजले.

"पाच."

"मोठ्याने बोल."

"पाच, काका. बासष्ट."

फोरमन मागे टेकला. काठी मांडीवर आडवी घेतली. "मी दिवसातून एकदा यायचो," तो म्हणाला. "नोंदीच्या वहीत डाव्या रकान्याची जागा होती. तेवढंच बघायचो, सही करायचो, पुढच्या टाकीवर."

"आणि मी आठ तास उजवा बघायचो," वडील म्हणाले. "टाकीत जे आहे ते. डाव्याकडे बघून काय करायचं होतं? वाफच पुरत नव्हती. एकोणीस वर्षांत अडुसष्टला पोचलीच नाही ती टाकी."

"एकदा पोचली."

वडिलांनी मान वळवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्याकडे बघत होते, पण त्या उजेडात चेहरा दिसत नव्हता.

"त्या सोमवारी वाफेची नवी झडप बसवली होती," फोरमन म्हणाला. "मीच बसवून घेतली. बुधवारी तुझे चाळीस तागे गेले. टाकीने पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं, आणि रंग एकदम धरला, चट्टे पडले. ती चांगली चालायची ती बासष्टवर. या दोन गोष्टी मी कधी जोडल्याच नाहीत."

"मीही त्या दिवशी उजवीकडे नीट बघितलं नसणार," वडील म्हणाले. "इतकी वर्षं बासष्ट. डोळ्यांना तेच दिसलं असेल."

ठिणगी मीटर धरून उभी होती. एकशे सत्तरवर खुंटी जराशी हलली तरी तक्ता बुडत होता. अशा मंद उजेडात तो किती वेळ टिकेल, धुलाईने किती खाल्लं, परत लावल्यावर दिसेल की नाही, याचा हिशेब तिला देता आला नसता. तिने फोटोही काढला. त्यात केशरी धुकं आलं आणि बाकी काही नाही.

"अहवालात एक ओळ कमी पडली," काही वेळाने फोरमन म्हणाला.

"ओळ नाही रे. रकाना."

फोरमन हसला. खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "घड्याळ करणार म्हणते ही. वेळ कुठल्या रकान्यात दाखवणार?"

"वर कोपऱ्यात," वडील म्हणाले. "मधलं राहू दे. ठिणगे, आता धुऊ नकोस."

"नाही धुणार."

चार वाजायला दहा मिनिटं असताना तिने पडदा बंद करायला हात पुढे केला. "दोन मिनिटं थांब," दोघे एकदमच म्हणाले. ती थांबली. दोन स्टुलांवर दोन काळ्या आकृत्या पुढे वाकून बसल्या होत्या आणि वडिलांचं बोट काचेपासून वीतभर अंतरावर, पहिली पायरी, दुसरी पायरी, असं हळूहळू खाली उतरत होतं.