यापिरेची मूर्ती

माझी लेक यापिरे गेली. तिचा देह दोरांनी वर ओढून कड्याच्या कपारीत ठेवला, त्याला आठ दिवस झाले होते. तिचा सासरा पांगाले माझ्या भट्टीवर आला. आम्ही दोघंही लोहार; आमच्याकडे लाकडाच्या मूर्तीही लोहारच कोरतात. एरवी आम्ही व्याही भेटलो की एकमेकांची टर उडवायचो. मी लाकूड तासतो म्हणून तो मला ‘बोथट वाकस’ म्हणायचा, मी त्याला ‘फुटका भाता’. त्या दिवशी त्याने नुसतं घराचं, शेताचं, कोंबड्यांचं कुशल विचारलं. प्रत्येक वेळी मी ‘बरं आहे’ म्हणालो.

"अकुंजो, पोटुशी बाई गेलीय," तो म्हणाला. "मूर्ती करायला हवी. नाहीतर तिचा जीव भटकेल, घरातल्या बाकीच्या सुनांना त्रास होईल. माझा हात लोखंडाचा. लाकूड तुझं."

"दुसऱ्या गावचा लोहार बघ की."

"तू बाप आहेस तिचा."

"म्हणूनच सांगतोय."

तो उठेना. मग मी हो म्हणालो. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

लाकूड तासताना काहीच वाटलं नाही. लांब धड, गुडघ्यात वाकलेले पाय, अरुंद चेहरा, नेहमी करतो तसंच. आमच्या मूर्तींना कुण्या एकाचा चेहरा नसतो. हिलाही नव्हता. पोट तेवढं मोठं ठेवलं. ती गेली तशी.

कामाच्या पाचव्या दिवशी माझी बायको याइगेरे बाजरीचा उंडा घेऊन आली. मी कामात असताना ती कधी जवळ येत नाही. त्या दिवशी वाकून बघत राहिली.

"एवढं पोट नका ठेवू," ती म्हणाली.

"तशीच गेली ना ती."

"दमली असेल हो."

ती गेल्यावर मी पोट तासून सपाट केलं. पाठीकडे लाकूड अजून जाड होतं. त्यातून एक मूल काढलं, तिच्या पाठीला चिकटलेलं.

पांगालेने मूर्ती बघितली आणि तो भडकला. "हे काय? मूल जन्मलंच नाही! तुझ्या मनाला येईल ते कोरणार का?"

"परत करून देणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला नाही, त्यामुळे तोच गडबडला.

त्यांच्या घराण्यातल्या थोरल्या म्हाताऱ्याने मूर्ती हातात घेतली, मुलावरून अंगठा फिरवला. "राहील ती यात," तो म्हणाला. "ठेवा."

मूर्ती त्यांच्या घरच्या वेदीवर ठेवली, तिच्यावर कोंबडीचं रक्त सांडलं, वर बाजरीची आंबील ओतली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आंबील लाकडावरून ओघळताना बघत होतो. घट्ट झाली होती जरा.

घरी आल्यावर याइगेरेने विचारलं, "रडलात?"

"नाही. तू?"

"मीही नाही."

तिने थाळी पुढे सरकवली. गोरखचिंचेच्या पाल्याचं कालवण होतं. आम्ही जेवलो.