खुडूक कोंबडीखालची टर्की

"डॉक्टरसाहेब, टर्कीला अक्कल असती का?"

बायांना टर्कीची पिल्लं देणाऱ्या संस्थेच्या, मारुतीच्या पारावर भरलेल्या बैठकीत शिवकन्येनं उभं राहून विचारलं आणि मागं बसलेल्या मैत्रिणींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. पैज त्यांच्यातल्या मंजुळेची. 'वर्गात लई बोलतीस, तिथं बोलून दाखव.' मागच्या सालापर्यंत हजेरीलाही जिचा आवाज फुटत नसे, ती शिवकन्या आज गावच्या बायांसमोर ताठ उभी होती.

जनावरांचे डॉक्टर हसले नाहीत. "असते, पण उशिरा येते. दाण्यात उभं राहून पिल्लू उपाशी मरतं. चोच पाण्यात बुडवून प्यायला शिकवावं लागतं, बोटानं दाणे वाजवून खायला. ऊब द्यायची, खालचा भुसा कोरडा ठेवायचा. आणि दुसरं सगळ्यात महत्त्वाचं..."

ते दुसरं शिवकन्येनं ऐकलंच नाही. मंजुळा तिच्या पाठीत कौतुकाचे बुक्के घालत होती आणि ही खिदळत होती.

खरं तर बैठक तिच्या मायची, छबुबाईची. दुष्काळात चारा संपला तशी म्हैस विकली होती आणि बैलं जगवायला तिचे वडील, आबा, चारा छावणीत जाऊन बसले होते. मायही दिवसभर तिथंच शेणघाण काढी. म्हशीच्या जागी आता संस्थेनं दिलेली टर्कीची पिल्लंच काय ती घराची आशा. "तू जा बैठकीला. डॉक्टर काय म्हंतेत ते नीट ध्यानात ठीव," माय म्हणाली होती.

जेवढं ध्यानात होतं तेवढं शिवकन्येनं जीव ओतून केलं. शाळेतून आली की दप्तर फेकून एकेका पिल्लाची चोच वाटीत बुडवी. उकडलेलं अंडं कुस्करून, वर कांद्याची पात बारीक चिरून घाली. पिल्लं तिच्या बोटामागं पळू लागली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. उबेचा बल्ब विझताच पिल्लं गारठून एकमेकांवर चढू लागली, खालची चेंगरू लागली. शिवकन्येची तांबडी कोंबडी नुकतीच खुडूक होऊन उबवायला बसली होती. पोरकी पिल्लं अंधारात हळूच खुडकीखाली सरकवायची, सकाळी ती आपलीच म्हणून फिरवते, हे तर गावात शेंबडं पोरही जाणतं. तिनं तेच केलं. तांबडीनं पंख पसरून सगळी पोटाखाली घेतली.

"शाणी गं माजी बाय," छावणीतून आलेली माय म्हणाली.

तांबडी पिल्लांना उकिरड्यावर घेऊन हिंडू लागली. मैत्रिणी बघायला आल्या. थोड्या दिवसांनी एक पिल्लू मान टाकून उभं राहिलं. मग दुसरं. हळदीसारखी पिवळी विष्ठा, मिटलेले डोळे. रोज सकाळी माय एखादं पदराखाली झाकून गावाबाहेर पुरून येई.

माय छावणीत असताना संस्थेच्या केशरबाई बघायला आल्या. "कोंबड्यांत सोडली न्हाईस ना गं? डॉक्टर तेच बजावून गेलते. कोंबड्यांच्या विष्ठेतनं रोग लागतो. त्यानं कोंबडीला काय होत न्हाई, टर्की मरती."

"न्हाई मावशी," शिवकन्या म्हणाली आणि पायानं तांबडीच्या खुराड्याचं दार लोटलं.

त्या संध्याकाळी आबाही छावणीतून घरी आले. भाकरी थापता थापता माय म्हणाली, "माज्या हातालाच यश न्हाई. म्हैस गेली, आता हीबी चालली. उरलेली परत करते अन् केशरबाईला म्हंते, संस्थेतनं माजं नाव काढा. माज्यापायी दुसऱ्या बायांना कशाला बट्टा लावायचा?"

मायनं पीठ लागलेले हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू दोष तिथं दिसेल.

शिवकन्येनं ताट सरकवलं. पारावर फुटलेला तो आवाज तिनं पुन्हा ओढून काढला.

"माय, तुज्या हाताचं काय न्हाई. कोंबड्यांत सोडू नका म्हून डॉक्टरांनी सांगितलं व्हतं, तवा मी खिदळत व्हते. तांबडीखाली मीच घातली. अन् केशरमावशीला खोटं बोलले."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. कुणी उलटली नाही.

"आता जाऊन मावशीला खरं सांगते. तुजं नाव काढायचं न्हाई. उरलेली पिल्लं पल्याडच्या कोरड्या खोलीत ठिवू, जमिनीला चुना मारून. अन् आबा, येत्या बाजारी आपल्या सगळ्या कोंबड्या इकायच्या. तांबडीबी. पाटी मी डोक्यावर घीन, तुमी नुसतं संगं चला."